मासे भ्यायचे थांबले

"माझे मासे भ्यायचे थांबलेत," समोरच्या खुर्चीतला माणूस म्हणाला.

भुजंगनं लिहायला उचललेलं पेन परत टेबलावर ठेवलं. राजेश्री कच्छवेच्या खासगी तपासाच्या कचेरीत लोक काय काय घेऊन येतात, हे त्यानं पाहिलं होतं. ठरलेला नवरदेव खरंच नोकरीला आहे का, भागीदार माल परस्पर विकतो का, जावई नांदेडला गेला की उतरतो कुणाकडे. मासे घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

परभणीत स्टेशन रस्त्यावर खताच्या दुकानाच्या वर ही कचेरी होती. एप्रिल सरत आला होता आणि कूलर नुसताच गरम हवा फेकत होता. त्या माणसाच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. नाव शिवकांत शेटे. गांधी पार्कजवळ भांड्यांचं दुकान.

"भ्यायचे थांबले म्हणजे?" राजेश्रीनं विचारलं.

"आधी कुणाची सावली पडली तरी झाडात दडायचे. आता हात घातला तरी हलत नाहीत. आणि कमी होऊ लागलेत. डझनभर गप्पी होते, आता पाच राहिलेत. मेलेला एकबी सापडला नाही."

"मांजर?"

"घरात मांजर नाही. टाकीवर काचेचं झाकण आहे, जड. हवेपुरती फट तेवढी."

"टाकी तुम्हीच ठेवली?"

"आमच्या मंडळींनी. अनुपमा. ती संक्रांतीच्या तोंडावर वारली." दुकान गुरुवारी बंद असतं हे सांगावं, तशा आवाजात त्यांनी सांगितलं. "आजारी होती. पोटाचा कॅन्सर."

राजेश्रीनं विचारलं, "शेटे, तुम्हांला काय वाटतं? कोण नेत असेल?"

"मला काही वाटत नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. "म्हणून तर आलो."

ते जिना उतरून गेल्यावर भुजंगनं विचारलं, "ताई, हे काम घ्यायचं? माणूस ठिकाणावर वाटंना."

भुजंग तिचा चुलतभाऊ, वयानं मोठा, पण कचेरीत तिला ताईच म्हणायचा. तिच्या स्कूटरवर मागं बसायचा, सांगितलं ते लिहून घ्यायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. राजेश्रीला त्याचा उपयोग होता. भुजंगला जो चोर वाटेल, तो चोर वाटावा म्हणून कुणी काय केलंय, हे ती आधी बघायची.

"माणूस मासे सांगायला आला, म्हणजे त्याला दुसरं काहीतरी सांगता येईना," ती म्हणाली. "सकाळी जाऊ."

*

शेट्यांचं घर वसमत रस्त्याच्या मागच्या वसाहतीत होतं. दार त्यांच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. शिवम्मा, घरात सगळे तिला अक्का म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. भावजय आजारी पडल्यावर ती वालूरहून आली होती, आणि भावजय गेल्यावर भावासाठी राहिली होती.

"झोपलाय अजून," ती म्हणाली. "झोपू द्या त्याला. झोप लय मोलाची हाय."

ऊन चांगलं चढलं होतं. बाजारातली दुकानं कधीच उघडली असतील.

टाकी पुढच्या खोलीत लोखंडी घोडीवर होती. फार मोठी नव्हती, दोन-तीन घागरी पाणी मावेल एवढी. पाणी काचेसारखं स्वच्छ. आत हिरवी झाडं दाट वाढलेली. पाण्याच्या पातळीच्या वर काचेवर पांढरा, खरखरीत पट्टा जमला होता. राजेश्रीनं तो नखानं खरवडून पाहिला.

आत पाच गप्पी होते, बोटाच्या पेराएवढे, शेपट्या रंगीत. आणि एक मोठा, चपटा, उभ्या पट्ट्यांचा एंजल मासा. तो चांगला भरलेला दिसत होता.

राजेश्रीनं झाकण सरकवून पाण्यात हात घातला. गप्पी पळाले नाहीत. दोन तर तिच्या बोटांपाशी आले. तिनं काचेवर टिचकी मारली. काही नाही. एक गप्पी संथपणे पोहत एंजलच्या तोंडासमोरून गेला, जसा रिकाम्या रस्त्यावरून माणूस जातो.

"माणसाळलेत," भुजंग म्हणाला.

राजेश्री वाकून एंजलकडे बघत होती.

तेवढ्यात आतून शिवकांत शेटे आले. भिंतीला हात लावत, पाय ओढत. हातात स्टीलचा तांब्या होता, त्यावर पेला उपडा घातलेला. पाहुण्यांकडे त्यांनी पाहिलं, पण ओळखायला क्षणभर लागला. मग त्यांनी तांब्या हलवून घुसळला आणि उरलेलं सगळं पाणी टाकीत ओतलं.

"हे रोज करता?" राजेश्रीनं विचारलं.

"उन्हानं पाणी उडतं. रोज बोटभर खाली जातं. अनुपमा म्हणायची, रात्रीचं उशाचं पाणी मोरीत फेकू नका, टाकीत घाला. नळ आठवड्यानं येतो आपल्याकडं."

"तांब्या तर जवळजवळ भरलेला होता."

"दोन घोट घेतो झोपताना. जास्त जात नाही. कडू लागतं." ते बाकावर बसले. "सध्या सगळंच कडू लागतं. भाकरबी."

"आणि वहिनी असताना टाकीचं आणखी काय काय करायच्या?"

"दर रविवारी थोडं पाणी काढून टाकायची, तेवढं नवं घालायची. मला ते होत नाही. नुसती भर घालतो."

*

मुलगा वीरभद्र वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. पुण्यात कंपनीत होता, आई गेल्यापासून घरूनच काम करत होता. माशांचं ऐकून तो कसनुसा हसला.

"बाबांनी तुम्हांला माशांसाठी बोलावलं? बघा ना. म्हणूनच मी त्यांना पुण्याला न्यायचं म्हणतोय. हे घर विकायला काढतोय आम्ही. सोमवारी रजिस्ट्री आहे."

"बाबा तयार आहेत?"

"हो म्हणाले."

"लगेच?"

वीरभद्रनं लॅपटॉप अर्धा मिटला. "ते सगळ्यालाच हो म्हणतात आता. घर काढू का म्हटलं, हो. दुकान भाड्यानं देऊ का, हो. चहा घेता का, हो. अगोदर असे नव्हते. माझ्याशी भांडायचे. आईच्या मातीला सगळा गाव रडला, बाबाही रडले. पुढं पंधरा दिवस लय वाईट गेले, घरात थांबायचेच नाहीत. मग एकदम गार पडले. तेव्हापासून डोळ्याला पाणी नाही."

"तेव्हापासून कायम असंच?"

"मधी एकदा बिघडले होते. शिवरात्रीला. अक्का आठवडाभर वालूरला गेली होती. बाबा रात्र-रात्र जागे. हात थरथरायचे, आईच्या साड्या काढून बसायचे, ढसाढसा रडायचे. डॉक्टरला दाखवलं, ते म्हणाले दुःख आहे, निघू द्या. अक्का परत आली तसे शांत झाले. तिची माया आहे त्यांच्यावर."

"औषध चालू आहे काही?"

"ताकदीच्या गोळ्या. मीच देतो सकाळी, हातावर. संक्रांतीपासून एक दिवस चुकवला नाही." त्यानं ड्रॉवरमधून पाकीट काढून दाखवलं. राजेश्रीनं नाव वाचलं आणि परत दिलं.

जिन्यावर भुजंगनं तिचा दंड धरला. "ताई, पोरगा. सरळ आहे. बापाला गोळ्या चारून सही घ्यायलाय."

"ताकदीच्याच गोळ्या होत्या, भाऊ."

"पाकीट ताकदीचं. आत काय हाय कुणाला ठावं?"

"बरं," ती म्हणाली. "मग माझ्या एकाच गोष्टीचं उत्तर द्या. गोळी बापाच्या तोंडात गेली, तर मासे कशानं बदलले?"

भुजंगनं तिचा दंड सोडला.

*

मागच्या अंगणात बायनाबाई भांडी घासत होती. ती या घरात पुष्कळ वर्षं कामाला होती. मासे कमी झाल्याचं तिला माहीत होतं आणि तिच्यावर शक घेतला जाणार, असंही तिनं धरून ठेवलं होतं.

"मी कशाला मासे नेऊ, बाई? ते काय खायचे हायेत? टाकीची घोडी तेवढी पुसते मी. झाकणाला हात लावत न्हाई."

"तुमच्यावर कुणी शक घेत नाही," राजेश्री तिच्याजवळच्या पायरीवर टेकली. "मालकांच्या उशाचा तांब्या कोण भरतं?"

"अक्का. सवता भरतेत. भावाचं पाणी बहिणीनं भरायचं, म्हणतेत. शिवरात्रीला त्या गावाला गेल्या तवा आठवडाभर म्याच भरला, माठातला. तवा मालक लय रडायचे. मला बघवंना."

"अक्का चांगल्या आहेत तुमच्याशी?"

"चांगल्या हायेत. वहिनींची लय सेवा केली त्यांनी. शेवटी शेवटी वहिनींना गोळी गिळवंना. झोपेच्या गोळ्या होत्या, दुखणं सोसंना म्हणून दिलेल्या. तर अक्का खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून द्यायच्या. चमच्यानं." तिनं राखेचा हात धुतला. "वहिनी गेल्या अन् घरातला आवाजच गेला. मालक तर असे हिंडतेत जसं कोणी दुसऱ्याच्याच घरी आलंय."

*

बन्सीधरचं रंगीत माशांचं दुकान बाजारात एका बोळात होतं. राजेश्रीनं बाटलीतून टाकीचं पाणी आणलं होतं. त्यानं नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले आणि रंग बदलायची वाट पाहिली.

"अमोनिया नाही. नायट्राईट नाही. म्हणजे माशांच्या घाणीचं विष झालेलं नाही, झाडं अन् फिल्टर काम करायलेत. पाणी घट्ट हाय फक्त. लय घट्ट."

"घट्ट म्हणजे?" भुजंगनं विचारलं.

"क्षार साठलेत. बघा, टाकीतलं पाणी उडतं तवा नुसतं पाणी उडतं. त्यात जे काय विरघळलेलं असतं ते खालीच राहतं. तुम्ही रोज भर घालत गेलात अन् जुनं काढलंच नाही, तर जे काय घालाल ते साठत जातं. म्हणून आठवड्याला थोडं काढून टाकायचं असतंय. काचेवर पांढरा पट्टा आला असेल."

"आलाय," राजेश्री म्हणाली. "त्यानं मासे मरतील?"

"गप्पी? न्हाई. गप्पी चिवट जात हाय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी घालतात का? त्यानं त्रास होतोय."

"स्टीलचं आहे. बन्सीधर, एंजल गप्पी खातो का?"

"पिल्लं खातो. मोठी गप्पी त्याच्या हाती लागत नाही. झाडात घुसती. दोन वर्षं एका टाकीत राहतील, काही होणार नाही. पळणारा पळत राहिला की झालं."

दाराशी माशांच्या पिशव्यांची खोकी नुकतीच उतरली होती. प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत मासे निमूट तरंगत होते. राजेश्रीनं एक पिशवी उचलून हलवली. मासे दचकले नाहीत.

"हे असे गप्प कसे?"

"कलकत्त्याहून येतेत. एवढ्या लांब गाडीत बावरून एकमेकांना धडकून मरतील. म्हणून माल भरणारे पाण्यात गुंगीचं औषध टाकतेत, थोडंसं. मरत न्हाईत, झोपत न्हाईत. नुसती भीती जाती. साध्या पाण्यात सोडलं की येतेत पूर्वपदावर."

राजेश्रीनं पिशवी हळूच खाली ठेवली. मग तिनं काचेची एक बरणी विकत घेतली.

*

त्याच संध्याकाळी ती शेट्यांच्या घरी गेली आणि पाचातले दोन गप्पी मागून आणले. भुजंगनं बरणी मांडीत धरून स्कूटरवरून कचेरीपर्यंत नेली. बरणीत साधं, शिळं करून ठेवलेलं पाणी होतं. टेबलावर ठेवून राजेश्रीनं त्याला एकच काम दिलं. रोज बरणीवर हात फिरवायचा आणि काय होतं ते बघायचं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. मासे हाताखाली तसेच फिरत राहिले. दुसऱ्या दिवशीही नाही. भुजंग दुपारभर बरणीसमोर बसून राहायचा. त्याला त्या माशांकडे पाहून शेटे आठवायचे. तसंच डोळे उघडे ठेवून कुणाकडेच न बघणं.

रविवारी सकाळी त्यानं कुलूप काढलं, खिडकी उघडली, आणि त्याची सावली बरणीवर पडली. दोन्ही मासे तीरासारखे तळाला गेले आणि तिथंच एकमेकांना चिकटून राहिले.

भुजंगनं फोन लावला. "ताई," तो म्हणाला, "भ्याले."

*

त्या दुपारी शेट्यांच्या पुढच्या खोलीत सगळे होते. शिवकांत बाकावर. वीरभद्र दाराला टेकून, हातात रजिस्ट्रीच्या कागदांची पिशवी. अक्का जमिनीवर, पाठ भिंतीला लावून. बायनाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. भुजंगनं बरणी टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवली. टाकीत उरलेल्या तिघांतले आता दोनच गप्पी होते.

"शेटे, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर," राजेश्री म्हणाली. "मासे कुणी चोरले नाहीत. एंजलनं खाल्ले. झाकण बंद, मेलेला मासा नाही, आणि एंजल भरलेला. दुसरा रस्ताच नाही."

"दोन वर्षं खाल्ले नाहीत त्यानं," शिवकांत म्हणाले.

"कारण दोन वर्षं ते पळत होते. आता पळत नाहीत. म्हणजे कोणी खाल्ले हा प्रश्न नव्हताच. पळायचे का थांबले, हा होता."

तिनं बरणीवर हात फिरवला. दोन्ही मासे तळाला गेले. तिनं टाकीवर हात फिरवला. दोन्ही मासे वर आले आणि तिच्या बोटांकडे पाहत राहिले.

"हे दोन आणि ते दोन एकाच टाकीतले. फरक पाण्याचा. पाणी तपासलं, घाण नाही, विष नाही. पण बाजारात मी असेच मासे पाहिले, ज्यांच्या पाण्यात गुंगीचं औषध होतं. त्यानं भीती जाते, भूक जात नाही. या टाकीत बाहेरून एकच गोष्ट जाते. रोज सकाळी, तुमच्या हातानं."

शिवकांत यांनी टाकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"उशाचा तांब्या," ती म्हणाली. "तुम्ही वरचे दोन घोट घेता आणि ते कडू लागतात. कुटलेली गोळी पाण्यात पुरती विरघळत नाही, तळाला बसते. तुमच्या पोटात थोडी जाते. उरलेली तुम्ही सकाळी घुसळून माशांना देता. टाकीतलं पाणी उडतं, औषध उडत नाही. वहिनी होत्या तेव्हा दर रविवारी थोडं पाणी बाहेर जायचं. आता जात नाही. एवढ्या महिन्यांचं सगळं या काचेत साठलंय."

वीरभद्र दारापासून पुढं आला.

"कुणी?" वीरभद्रनं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं की भुजंग त्याच्याकडेच बघतोय. "मी? मी देतो त्या गोळ्या डॉक्टरनं लिहून दिलेल्या आहेत."

"तुम्ही नाही," राजेश्री म्हणाली. "तुमच्यावर शक घेणं सोपं होतं. घर काढायचंय, सही हवी, वडील सगळ्याला हो म्हणतात. पण तुमची गोळी हातावर जाते, पाण्यात नाही. आणि शिवरात्रीच्या आठवड्यात तुम्ही घरात होता, तुमच्या गोळ्या चालू होत्या, तरी वडील जागे झाले, थरथरले, रडले. तेव्हा काहीतरी बंद झालं होतं, आणि ते तुम्ही देत नव्हता. तांब्या त्या आठवड्यात बायनाबाईंनी भरला. म्हणजे त्याही नाहीत. त्यांनी भरला तेव्हाच तर पाणी साधं होतं. त्या आठवड्यात घरात नव्हतं असं एकच माणूस आहे. गोळी कुटून पाण्यात द्यायची सवयही त्याच हातांना आहे."

कुणी अक्काकडे पाहिलं नाही. पाहायची गरज उरली नव्हती.

शिवम्मा भिंतीला टेकूनच होती. तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि फरशीवर ठेवलं. बरंचसं रिकामं झालं होतं.

"अनुपमाच्या उरलेल्या," ती म्हणाली. "आर्धी टाकत होते. आर्धीच."

"अक्का," वीरभद्र म्हणाला.

"तू वर झोपायचास. तुला काय ठावं? पहिले पंधरा दिवस ह्यो रात्रीचा उठून जायचा. तिला पुरलं तिथं मातीवर जाऊन बसायचा. एकदा रुळाच्या कडंनं चालत होता, म्या पदराला धरून आणला. आमी दोघंच भावंडं हाओत आता. तिला त्या गोळीनं जरा बरं वाटायचं. म्हटलं ह्यालाबी वाटंल. अन् वाटलं. झोपाय लागला. रडणं थांबलं." तिनं भावाकडे पाहिलं. "थांबलं का न्हाई?"

शिवकांत फरशीवरच्या पाकिटाकडे बघत होते. भुजंगला वाटलं, त्यांना काही ऐकूच आलं नसावं.

"मला वाटलं, माझंच काहीतरी कमी आहे," शेवटी ते म्हणाले. आवाज तसाच सपाट होता. "एकोणतीस वर्षं संसार केला. ती गेली, आणि मला काहीच होईना. तिचा फोटो समोर धरून बसायचो. काही नाही. मला वाटलं, माझा तिच्यावर जीवच नव्हता. एवढी वर्षं नुसतं वागत होतो." ते थांबले. "हे कुणाला सांगणार? मग मासे दिसले. तेबी तसेच."

भुजंगनं मान खाली घातली. कचेरीतल्या त्या पहिल्या दुपारी आपण या माणसाला काय म्हणालो, ते त्याला आठवलं.

"जीव होता," राजेश्री म्हणाली. "शिवरात्रीच्या आठवड्यात सगळ्या घरानं पाहिलाय."

शिवकांत यांनी मुलाकडे पाहिलं. "सोमवारी मी सही करणार नाही. पुढं कदाचित करीनही. पण मला समजल्याशिवाय नाही."

वीरभद्रनं कागदांची पिशवी आत नेऊन ठेवली. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मी विचारत होतो, ते हो म्हणत होते," तो राजेश्रीला हळूच म्हणाला. "मला ते बरंच वाटत होतं. मी विचारलंच नाही की भांडत का नाहीत."

"तुमी पोलिसांत जाणार?" अक्कानं विचारलं.

"ते तुमच्या भावानं ठरवायचं," राजेश्री म्हणाली.

"ती माझी बहीण आहे," शिवकांत म्हणाले. तेवढंच.

राजेश्रीनं पाकीट उचलून वीरभद्रच्या हातात दिलं. "हे घेऊन आजच डॉक्टरकडे जा, वडिलांनाही न्या. आजपासून एकदम बंद करू नका. शिवरात्रीला एकदम बंद झालं, तेव्हा काय हाल झाले ते तुम्ही पाहिलेत. डॉक्टर सांगतील तसं कमी करत न्या. आणि एंजलला वेगळी टाकी आणा. या टाकीतलं पाणीही सगळं एका दिवसात फेकू नका, मासे सोसणार नाहीत. रोज थोडं काढा, थोडं घाला."

*

जून संपत आला तेव्हा भुजंगच्या पुतणीचं लग्न ठरलं. घरच्यांनी त्याला आहेराचं पातेलं आणायला पाठवलं. दुसरी दुकानं वाटेत होती, पण तो गांधी पार्ककडे वळला.

शिवकांत गल्ल्यावर होते. शर्टाची बटणं सरळ होती, पण माणूस वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आता झोप येत नाही, ते म्हणाले. डॉक्टरनं सगळं बंद करत आणलंय. वीरभद्र पुण्याला गेला, रविवारी येतो. परवा आला तेव्हा दोघांचं भांडण झालं, घरावरून. हे सांगताना त्यांच्या आवाजात जरा धार होती.

दुकानाच्या आतल्या बाजूला, टोपांच्या उतरंडीशेजारी, अक्का बसली होती. भावाचा जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि तो जेवेपर्यंत थांबणार होती. तिनं भुजंगला ओळखलं, पण बोलली नाही.

भुजंगनं पातेलं निवडलं.

"नाव टाकून देऊ?" शिवकांत यांनी विचारलं.

"टाका की. मुलीचंच टाका."

त्यांनी पातेलं उपडं करून मांडीवर घेतलं, नाव कोरायचं यंत्र चालू केलं. टोकाची घरघर सुरू झाली. त्यांनी 'सौ.' एवढं कोरलं आणि हात थांबला. यंत्र हातात तसंच घरघरत राहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मग आवाज फुटला, मोठा, दुकानभर. दारात बादली बघत असलेली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

अक्का अर्धी उठली. पुढं आलेला हात तिनं मागं घेतला आणि परत बसली. दोन्ही हात तिनं मांडीत एकमेकांत घट्ट धरले आणि भावाकडे बघत राहिली, नजर न काढता.

भुजंगही उभाच राहिला. काय करावं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं फक्त पातेल्याची कड धरून ठेवली, पडू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं शिवकांत यांनी बाहीनं तोंड पुसलं. यंत्राचं टोक पुन्हा 'सौ.' च्या पुढं आणून टेकवलं.

"पुढं काय टाकू?" त्यांनी विचारलं.

"राजनंदिनी," भुजंग म्हणाला.